लीलमधलं एक्स्चेंज सेमिस्टर: चार महिने, साडेचार लाख आणि 20 पैकी 13

खडेबाजारात भेटू दे, लग्नात भेटू दे, नाहीतर कपिलेश्वरला दर्शनाच्या लाईनीत, लोक एकच विचारतात, "फ्रान्सला होतीस म्हणे, कसं होतं गं?" आणि मी "मस्त होतं की" म्हणून सुटते, कारण उभ्याउभ्या सांगण्यासारखी ती गोष्टच नाही. पण गेल्या महिन्यात तीन घरांतून आईला फोन आले, आमच्या पोरीला पण एक्स्चेंजचं आलंय, पाठवू काय नको, तुमच्या मुलीला विचारून सांगा. म्हटलं आता एकदा बसून सगळं लिहूनच काढते, कौतुक तिथं कौतुक नि शिव्या तिथं शिव्या, वाचा आणि तुमचं तुम्ही ठरवा.

मी बेळगावातल्या वडगावची. एमबीए पुण्यात. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरला कॉलेजच्या टायअपमधून लीलला गेले, ऑगस्ट 2023 च्या शेवटी ते नाताळच्या आधीपर्यंत. लील म्हणजे फ्रान्सच्या पार उत्तरेला, बेल्जियमच्या बॉर्डरला चिकटलेलं शहर. स्कूलचं नाव लिहिणार नाही, खाली तक्रारी आहेत, आणि त्या शहरात बिझनेस स्कूल एकापेक्षा जास्त आहेत, तेव्हा शोधत बसू नका. एकूण रेटिंग पाचपैकी साडेतीन, त्यातले दीड वर्गातले आणि दोन वर्गाच्या बाहेरचे.

आधी एक गैरसमज काढून टाका. एक्स्चेंज म्हणजे परदेशी डिग्री नव्हे. तुम्ही तुमच्याच कॉलेजचे विद्यार्थी राहता, फी तुमच्याच कॉलेजला भरता, तिकडची ट्यूशन फी माफ, आणि तिकडचं कोणतरी तसंच तुमच्या कॉलेजात येऊन बसतं. शेवटी हातात येतो तो मार्कांचा एक कागद, बास. बेळगावातल्या एका कन्सल्टन्सीवाल्यानं बाबांना 40 हजार सांगितले होते, "एक्स्चेंज करून देतो" म्हणून. करून देण्यासारखं त्यात काही नसतंयच. तुमचं कॉलेज तुमचं नाव तिकडं कळवतं, त्याला नॉमिनेशन म्हणतात, मग तिकडून मेल येते, फॉर्म भरा, कागद चढवा, विषय निवडा. कन्सल्टन्सीवाला फक्त शेजारी बसून तुमचाच पासवर्ड टाईप करणार. ते 40 हजार जॅकेट-बुटांना ठेवा.

व्हिसासाठी आधी कॅम्पस फ्रान्सची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं बघणाऱ्या फ्रेंच सरकारी संस्थेची ऑनलाईन नोंदणी, मग बेंगळुरूला व्हीएफएस, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणारं केंद्र. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघायचं, दिवसभरात अंगठे-फोटो उरकायचे, रात्रीच्याच गाडीनं परत. दाखवायचे पैसे 2023 मध्ये महिन्याला 615 युरो होते, म्हणजे चार महिन्यांचे 2460. आता आमच्या घरचा पैसा सगळा पतसोसायटीत, वडगाव-शहापुरात निम्म्या घरांचं हेच असतंय, ती पावती बघून कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या हे नको, बँकेचं स्टेटमेंट आणा, मग एफडी मुदतीआधी मोडली, व्याज गेलं, बाबा दोन दिवस गप्प. तुमच्याकडं असंच असेल तर हे काम सहा महिने आधी करून ठेवा. दुसरा घोळ नावाचा. जन्मदाखल्यावर बेलगाम, पासपोर्टवर बेळगावी, घरात बेळगाव, आणि तिकडच्या ऑफिसातल्या बाईंची मेल की ही दोन वेगळी शहरं आहेत का. तिला मी लिहिलं की एकच शहर आहे, 1 नोव्हेंबर 2014 ला नाव बदललं. उत्तर आलं, "समजलं, आमच्याकडंही असं असतं." तेव्हा मला वाटलं बाई उगीच बरं वाटावं म्हणून बोलतेय. नव्हती बोलत, ते पुढं येईल.

सामानाचं एक महत्त्वाचं. आईनं कुंद्याचा एक किलोचा डबा भरून ठेवला होता, नि निघायच्या आदल्या रात्री मला कळलं की युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून दुधाचे नि मटणाचे पदार्थ सामानातून न्यायला मनाई आहे. कुंदा म्हणजे तर नुसतं दूधच. डबा घरीच राहिला, भावानं दोन दिवसांत संपवला. तूपही त्यातच येतं. त्याऐवजी कडक भाकरी, शेंगा चटणी, कारळ्याची चटणी, मेतकूट आणि छोटा कुकर न्या, या पाच गोष्टींवर मी डिसेंबर गाठला.

पोचणं सोपं आहे, मुंबई ते पॅरिस विमान, आणि एअरपोर्टखालूनच लीलला थेट टीजीव्ही ही वेगवान ट्रेन, तासाभरात दारात. मी पोचले आणि त्याच शनिवार-रविवारी ब्रादरी. सप्टेंबरच्या पहिल्या वीकेंडला भरणारा जुना बाजार, शहरभर रस्त्यावर लोक माळ्यावरचं सामान मांडून बसलेले, आणि हॉटेलांच्या दारात खाल्लेल्या शिंपल्यांचे ढीग, कुणाचा ढीग मोठा यावर चढाओढ. मला वाटलं हे शहर रोजच असं असतं. सोमवारी बघते तर रस्ते धुतलेले आणि माणूस नाही. पुढं रविवारी दूध आणायला बाहेर पडून रिकाम्या हातानं परत आल्यावर अक्कल आली.

राहायची जागा. खाजगी स्टुडंट रेसिडेन्स, 17 चौरस मीटरची खोली, भाडं 520 युरो. नाव देत नाही पण खोलीबद्दल सांगते. फोटोत खिडकीतून झाड दिसतं, प्रत्यक्षात खिडकीतून दुसरी खिडकी दिसते. स्वयंपाकाला दोन विजेच्या शेगड्या, आणि त्यांच्या बरोबर वर धुराचा अलार्म, म्हणजे मोहरी तडतडली की खालचा सेक्युरिटीवाला वर. फोडणी घालताना दार बंद, खिडकी उघडी, आणि एका हातानं वहीनं वारा घालायचा, हे मी तिथं शिकले. ऑक्टोबरमध्ये ढेकणांचं प्रकरण झालं. तेव्हा सगळ्या फ्रान्सभर ढेकणांची बातमी होती, मेट्रोत सीटवर कोण बसेना. रेसिडेन्सनं नोटीस लावली, गाद्या तपासा. आजी फोनवर म्हणाली, गादी गच्चीवर उन्हात टाक की. आजीला कसं सांगायचं की इथं ऊन नाही आणि गच्चीला कुलूप आहे. जाताना डिपॉझिटमधून 140 युरो कापले, भिंतीवर हळदीचा डाग म्हणून. डाग होता, खोटं नाही बोलत, पण 140 युरोत आमच्या गल्लीत अख्खी खोली रंगवून होते. तुम्ही आत शिरतानाच प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढून त्यांना मेल करून ठेवा, मी नाही केलं.

आता शिकवणं. ब्रोशरवर बिझनेस स्कूलच्या आंतरराष्ट्रीय मान्यतेचे तीन शिक्के असतात, एएसीएसबी, ईक्विस आणि ॲम्बा, तिन्ही असले की ट्रिपल क्राऊन. शिक्के खरे आहेत, पण शिक्का इमारतीला असतो, तासाला नसतो. एक्स्चेंजवाल्यांना इंग्लिशमधले विषय मिळतात आणि त्या वर्गात बहुतेक सगळे एक्स्चेंजवालेच, म्हणजे फ्रेंच पोरांबरोबर शिकायला म्हणून जावं आणि शेजारी कोण तर मेक्सिकोचा, कोरियाची, जर्मनीचा नि इंदूरचा. विषय निवडायचं पोर्टल उघडलं की पहिला येईल त्याला पहिलं, आणि मी वेळेचा हिशोब उलटा केला, साडेतीन तास मिळवायच्या ऐवजी वजा केले, उठून बघते तर फायनान्सचे दोन्ही विषय फुल. उरलं काय, तर वाईन मार्केटिंग. घरी आजीला सांगितलं द्राक्षांचा विषय आहे. तासगावच्या द्राक्षांचं काय सांगतात काय, म्हणाली. एका अर्थी तेच होतं म्हणा, कुठल्या गावच्या मातीचं नाव लावून भाव कसा वाढवायचा.

कागदावर सेमिस्टर 30 ईसीटीएसचं, म्हणजे युरोपातल्या 30 क्रेडिटचं, एक क्रेडिट म्हणजे 25 ते 30 तासांचं काम. प्रत्यक्षात दोन विषयांनी जीव काढला आणि बाकीचे स्लाईडवरून वाचून दाखवले. इंटरकल्चरल मॅनेजमेंटच्या सरांनी पहिल्याच तासाला हॉफस्टीडचे आकडे काढले, हा देशादेशांच्या स्वभावाला आकडे देणारा डच अभ्यासक, अनिश्चितता टाळायच्या बाबतीत फ्रान्स 86, भारत 40, म्हणून म्हणे भारतीय माणूस ऐनवेळचं निभावून नेतो आणि फ्रेंच माणसाला आधी आराखडा लागतो. मला ते तेव्हा असंच वाटलं, हापूस नि पायरीत आंबे वाटल्यासारखं. मग ग्रुप प्रोजेक्ट सुरू झालं आणि आमच्यातल्या फ्रेंच मुलीनं दोन अख्ख्या मीटिंगा नुसत्या मुद्द्यांच्या क्रमावर घालवल्या, पहिला भाग, दुसरा भाग, त्यातले पोटभाग, एक ओळ लिहायच्या आधी. मी नि इंदूरचा आदल्या रात्री बसून सगळं करू म्हणत होतो. शेवटी तिच्या आराखड्यात आमची आदल्या रात्रीची मजुरी भरली आणि त्यालाच सगळ्यात जास्त मार्क पडले, तेव्हा हॉफस्टीडला मी माफ केलं.

फ्रेंच पोरं निवांत का असतात तेही तिच्याकडूनच कळलं. बारावीनंतर दोन वर्षं प्रेपा नावाचा प्रकार असतो, आपल्या कोटासारखा, दिवसरात्र घासायचं, मग स्पर्धा परीक्षा, मग ही ग्रांद एकोल, म्हणजे निवडून प्रवेश देणारं मोठं कॉलेज. आत शिरलं की त्यांच्या लेखी युद्ध संपलेलं असतं. मग क्लब, सहली, इंटर्नशिप. आपण तिथं पहिल्या बेंचवर वही काढून बसतो तेव्हा ते आपल्याकडं आपण पहिलीतल्या पोराकडं बघतो तसं बघतात.

मार्क 20 पैकी. पास 10 ला. मला पहिल्या पेपरात 13 पडले आणि मी रडले, खरंच, जिन्यात बसून, 65 टक्के म्हणून. फ्रेंच मुलगी अभिनंदन करायला आली होती, तिला वाटलं आनंदानं रडतेय. तिकडं म्हणतात 20 देवाला आणि 19 मास्तरांना. 14 म्हणजे चांगलं, 16 म्हणजे गाव गोळा करायचं. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर बाबांसारखं "पैसे घालून 65 काय?" ऐकावं लागतं.

आणि एक गोष्ट कोणीच सांगत नाही, ती मोठ्या अक्षरात वाचा. एमबीएच्या दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरला गेलात तर तुमच्या कॉलेजचं प्लेसमेंट तेव्हाच चालू असतं. कंपन्या पुण्यात, तुम्ही लीलला. सकाळी नऊचा ऑनलाईन राऊंड म्हणजे तिकडं साडेपाच, आणि 29 ऑक्टोबरला त्यांनी घड्याळं मागं केली की साडेचार. मी ब्लेझर खाली पायजमा घालून पहाटे साडेचारला "टेल मी अबाउट युवरसेल्फ" केलंय, भिंतीपलीकडचा ब्राझीलचा पोरगा भिंत ठोकतोय आणि मी माझी बलस्थानं सांगतेय. एक कंपनी त्यातच गेली. कॉलेजनं जायच्या आधी "सगळं ऑनलाईन होईल, काळजी नको" सांगितलं होतं. झालं ऑनलाईन, काळजी पण झाली.

पण मग साडेतीन का दिले. कारण रिटेलचे सर. हा एक विषय सगळ्या ब्रोशरपेक्षा भारी निघाला. त्यांनी पहिल्या आठवड्यात पुस्तक बंद करायला लावलं आणि आम्हाला मेट्रोत बसवून रुबेला पाठवलं. मेट्रो 1983 ची, ड्रायव्हर नाही, पुढच्या काचेला नाक लावून उभं राहता येतं, ते मी चार महिने केलं. रुबे म्हणजे एकेकाळचं कापडाचं गाव, लोकरीच्या गिरण्या, चिमण्या, कामगारांच्या लाल विटांच्या चाळी, आणि आता गिरण्या बंद. सरांनी काम दिलं होतं, गावात फिरा आणि दुकानं कुठं संपतात ते लिहून आणा.

माझे बाबा खासबागेत पॉवरलूम चालवतात. सहा होते, आता दोन चालू आहेत, बाकीच्यांवर आई चादरी वाळत घालते. त्यामुळं बंद गिरणीचं कुलूप बघून मला जे झालं ते कोरियाच्या मुलीला झालं नसणार. पण सरांचा मुद्दा पुढं होता. याच गावात ओशाँ या मोठ्या फ्रेंच सुपरमार्केटची सुरुवात झाली, 1961 साली, ओ-शाँ नावाच्या वस्तीत, वस्तीचंच नाव दुकानाला. त्यामागचं म्युलिए घराणं मुळात कापड नि लोकरीच्या धाग्यातलं. आणि पुण्यात आम्ही जिथून ट्रेकच्या बॅगा घेतो ते डिकॅथलॉन, तेही त्याच घराण्याच्या एका नातेवाईकानं 1976 मध्ये लीलजवळ आंग्लोसला काढलं. म्हणजे विणणारे विकणारे झाले. सर म्हणाले, धागा स्वस्त होत गेला तेव्हा यांनी विचारलं की गिऱ्हाईक कुणाच्या हातात आहे. मी हे जसंच्या तसं बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "त्यांच्याकडं जागा असेल गं पार्किंगला." हसायला आलं पण पॉईंट बरोबर होता, पहिली मोठी दुकानं गाडीवाल्या गिऱ्हाईकावरच उभी राहिली, सरांच्या पुढच्या तासाचा तोच विषय होता.

रुबेत एक म्युझियम आहे, ला पिसीन, 1932 चा पोहायचा तलाव, त्याचं 2001 मध्ये म्युझियम केलं, मधे पाणी तसंच आणि दोन्ही बाजूला पुतळे. तिथं जुन्या गिरण्यांच्या कापडाच्या नमुन्यांच्या वह्या ठेवल्यात. मी व्हिडिओ कॉल लावून बाबांना दाखवल्या. पाच मिनिटं काही बोललेच नाहीत, मग "जरा जवळ धर, काठ बघू दे". सगळ्या ट्रिपमध्ये बाबांनी आपणहून कॉल लांबवला तो तेवढा एकदाच. बिझनेस स्कूलला जाणार असाल तर पॅरिसच्या मनोऱ्याआधी रुबे बघा.

आता बॉर्डर. यासाठी बेळगावच्या माणसानं लीललाच जावं असं माझं मत आहे, दुसऱ्या कुणाला त्याची मजा कळायची नाही. लीलवरून ट्रेन निघते, रुबे, तुर्क्वां, मग बेल्जियमचं मूस्क्रों, मग कोर्त्रेइक. अर्धापाऊण तासाचा प्रवास. बॉर्डर कधी गेली कळत नाही, पासपोर्ट कोण विचारत नाही, फोनवर मेसेज येतो तेवढाच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा खिडकीतून बघत होते, आता नाका येईल, मग येईल. 2022 च्या डिसेंबरात महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरून वातावरण तापून बस बंद झाल्या तेव्हा मी पुण्याहून येताना कोल्हापूर स्टँडवर सात तास बसलेय, मला कोगनोळी नाक्याशिवाय बॉर्डर डोळ्यासमोर येतच नाही.

देशाची बॉर्डर दिसली नाही पण भाषेची दिसली. मूस्क्रोंपर्यंत फ्रेंच, पुढचं स्टेशन कोर्त्रेइक आणि सगळं डच, गार्डची अनाऊन्समेंट पण बदलते. आमच्या ग्रुपमधला एकजण तिथलाच, लीलमध्ये फाडफाड फ्रेंच बोलायचा. आम्ही त्याच्या गावी गेलो, माझ्याबरोबर धारवाडची एक मुलगी होती, बेंगळुरूच्या कॉलेजातून आलेली, तिनं मोठ्या हौशीनं नवीन शिकलेल्या फ्रेंचमध्ये कॉफी मागितली. वेटरनं इंग्लिशमध्ये उत्तर दिलं. तिनं परत फ्रेंचमध्ये, त्यानं परत इंग्लिशमध्ये. आमच्या मित्रानं हळूच सांगितलं, इथं इंग्लिशच बोला, बरं पडेल. मी नि धारवाडची एकमेकींकडं बघून एवढ्या हसलो की त्याला कळेना काय झालं. त्याला काय सांगायचं, की बाबा हे आम्ही घरून जेवून आलोय.

आणि बोर्ड! परत जायच्या रस्त्यावर लीलचा बोर्ड शोधतोय तर लील कुठंच नाही, सगळीकडं रैसल. रैसल म्हणजे लीलच, डच भाषेतलं नाव. तेव्हा त्या ऑफिसातल्या बाईंची मेल आठवली. एका गावाला दोन नावं आणि कुठल्या बाजूनं येताय त्यावर बोर्ड.

मित्रानं मग सगळी कथा सांगितली. 1962 च्या कायद्यानं बेल्जियममध्ये भाषेची रेष पक्की केली, 1963 पासून लागू, तेव्हा मूस्क्रों पश्चिम फ्लँडर्समधून काढून फ्रेंच बोलणाऱ्या एनो प्रांताला दिलं आणि दुसऱ्या टोकाची फूरेनची खेडी लिएजकडून काढून डच बोलणाऱ्या लिंबुर्गला. मूस्क्रोंमधल्या डच बोलणाऱ्यांना सोय अशी की सरकारी कागद त्यांच्या भाषेत मागायचा हक्क कायद्यानंच आहे. मी विचारलं, मिळतो? म्हणाला, मागितला तर मिळतो, त्यावर पण भांडणं होतात. आपल्याकडं 1956 पासून चाललंय, महाजन आयोग झाला, 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, आणि परिपत्रकं मराठीत द्या म्हणून अजून निवेदनं. त्यांचं सगळं गोड आहे असं नाही पण. लूव्हनचं जुनं विद्यापीठ 1968 च्या भांडणानंतर भाषेवरून दोन झालं आणि लायब्ररीची पुस्तकं म्हणे सम नंबर एकाला, विषम दुसऱ्याला अशी वाटली. हे ऐकून धारवाडची म्हणाली, "निदान वाटली तरी, आमच्यात फाडली असती."

1 नोव्हेंबरला फ्रान्समध्ये तूसँची सुट्टी, पितरांना आठवायचा दिवस, दुकानं बंद, वारा असला की छत्री उलटी. त्या दिवशी धारवाडचीच्या स्टेटसला लाल-पिवळा झेंडा, कर्नाटक राज्योत्सव. माझ्या घरच्या ग्रुपवर काळा दिन, काळ्या फिती आणि सायकल फेरीचे फोटो. दोघी एकाच खोलीत बसून आपापला फोन बघतोय. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. मग ती म्हणाली भात लावू काय, मी म्हटलं लाव, आणि तिनं आणलेली गुरेळ्ळ चटणी नि माझी कारळ्याची चटणी एकच निघाली, नाव तेवढं वेगळं. बाहेर गेल्यावर आम्ही मराठी-कानडी कालवून बोलायचो, बेळगावात दुकानात बोलतात तसंच, इंदूरचा म्हणायचा ही कुठली भाषा.

त्या सुट्टीच्या आसपास सगळीकडं शेवंतीच्या कुंड्या विकायला, पिवळ्या, जांभळ्या, ढीगच्या ढीग. मला एवढा आनंद झाला, 12 तारखेला लक्ष्मीपूजन, म्हटलं फुलांचा प्रश्न मिटला, दोन कुंड्या उचलल्या. खाली रिसेप्शनवरच्या बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला नि अगदी हळू आवाजात विचारलं, कोण गेलं? तिकडं शेवंती फक्त थडग्यावर ठेवतात. कुणाच्या घरी चुकूनही नेऊ नका. लक्ष्मीपूजन मात्र त्याच शेवंतीनं केलं, लक्ष्मीला फ्रेंच येत नाही.

खाण्याचं थोडक्यात. सरकारी विद्यार्थी कँटीन, क्रूस म्हणतात, तिथं 2023 मध्ये पूर्ण जेवण 3 युरो 30 ला होतं, फ्रान्समधली सगळ्यात चांगली डील तीच. लीलमधल्याच वाझेमच्या बाजारात रविवारी कोथिंबीर, हिरवी मिरची, वांगी मिळतात, उत्तर आफ्रिकेकडची दुकानं खूप आहेत, मसाल्यांची ददात नाही. शाकाहारी असाल तर एक सांगते. तिकडच्या गाड्यांवरचे बटाट्याचे फ्रीत जुन्या पद्धतीत गाईच्या चरबीत तळतात, सगळीकडं नाही पण खूप ठिकाणी. धारवाडची शुद्ध शाकाहारी, तीन आठवडे रोज तेच खात होती, कळल्यावर दोन दिवस जेवली नाही आणि घरी अजून सांगितलेलं नाही. चीजमध्येही वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायचं द्रव्य, असू शकतं. विचारून खा. आणि विचारायच्या आधी बोंजूर म्हणा, दुकानात शिरून बोंजूर न म्हणता थेट प्रश्न विचारला की त्यांच्या लेखी तुम्ही बिनवळणाचे, मग फ्रीत पण थंड मिळतात.

डिसेंबर वाईट. सकाळी पावणेनऊपर्यंत अंधार, पाच वाजायच्या आत परत अंधार, रोज भुरभुर पाऊस. बेळगावच्या माणसाला पावसाचं काय सांगता म्हणून मी गेले होते, पण आपला पाऊस पडतो तरी, तिकडचा नुसता हवेत असतो. त्यात 19 नोव्हेंबरची वर्ल्डकप फायनल आम्ही कॉमन रूममध्ये सकाळी साडेनऊपासून बघितली आणि आख्ख्या रेसिडेन्समध्ये एकच ऑस्ट्रेलियन पोरगा होता, तो पण त्या दिवशी तिथंच बसलेला. जाऊ दे.

पैसे. तेव्हाचा युरो 90 रुपये धरा. भाडं चार महिन्यांचं 2080 युरो, खाणं 800 च्या आत, मेट्रो-फोन 200, फिरणं 600, त्यात ब्रूज, ब्रुसेल्स आणि पॅरिस दोनदा. म्हणजे तीन लाख तीस हजार. विमान जाऊन-येऊन 65 हजार, व्हिसा-विमा-बेंगळुरूच्या फेऱ्या 25, गरम कपडे 15. झाले ना साडेचार लाखाच्या आसपास, वर ते हळदीचे 140. घरच्या कॉलेजची फी वेगळी, ती चालूच. तिथं काम करून खर्च काढू म्हणून जाऊ नका, चार महिन्यांत काम मिळेपर्यंत परतीचं तिकीट येतं, आणि घरभाड्याची सरकारी मदत कुणा मित्राला मिळाली म्हणून तुम्हाला मिळेलच असं धरू नका, ते तेव्हा व्हिसाच्या प्रकारावर असायचं. 27 वर्षांपर्यंतच्यांना रेल्वेचं 49 युरोचं वर्षाचं कार्ड मिळतं, तिकिटाला 30 टक्के सूट, दोन-तीन वेळा पॅरिसच्या पुढं जाणार असाल तरच घ्या.

पाठवायचं काय नको? घरी कर्ज काढून पाठवू नका. पैसे बाजूला असतील आणि प्लेसमेंट त्या सेमिस्टरला नसेल तर पाठवा. मला नोकरी मिळाली ती पुण्यात, मार्चमध्ये, रिटेलमधलीच, आणि इंटरव्ह्यूत वीस मिनिटं रुबेवर बोलले, एक्स्चेंजच्या बाकी चार विषयांचं कुणी नावही काढलं नाही.

एक काम राहिलंय. लीलचा मार्कांचा कागद फेब्रुवारीत आला आणि आमच्या पुण्याच्या कॉलेजनं 20 पैकी 13 ला सरळ पाचानं गुणून 65 लावले, म्हणजे बी ग्रेड, तिकडं त्याच 13 ला वर्गातल्या वरच्या पोरांत धरलं होतं तरी. तिकडच्या ऑफिसनं पत्र दिलंय की असं गुणू नका, ग्रेडचा तक्ता वेगळा असतो. ते जोडून अर्ज दिलाय, दोनदा. परवा परत फोन केला तर म्हणाले फाईल सरांच्या टेबलावर आहे, सर रजेवर आहेत, सोमवारनंतर करा.